चौदाची बेरीज

2024 च्या गणेश चतुर्थीला पाहुणे पांगले, आरतीचं ताट विसावलं आणि मी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसलो. तिकडे पॅरिसच्या बेर्सी अरीनात पॅरालिम्पिकमधल्या व्हीलचेअर बास्केटबॉलची पुरुषांची अंतिम लढत होती, अमेरिका विरुद्ध ग्रेट ब्रिटन. अमेरिकेनं ती 73–69 अशी जिंकली आणि रिओ, टोकियोपाठोपाठ सलग तिसरं सुवर्ण नेलं. सव्वा वर्षापूर्वी, जून 2023 मध्ये, दुबईतल्या विश्वअजिंक्यपद स्पर्धेत हेच दोन संघ अंतिम फेरीत भिडले होते. तेव्हाचा निकाल होता 67–66. त्याही आधी याच स्पर्धेत, 2018 ला हँबुर्गमध्ये, ब्रिटननं अमेरिकेला 79–62 असं सहज हरवलं होतं. म्हणजे हे भांडण जुनंच.

महिलांमध्ये असं काही भांडण उरलेलं नाही. हँबुर्ग, टोकियो, दुबई, पॅरिस, चारही ठिकाणी नेदरलँड्स. बाकीच्यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी खेळायचं, इतकं ते एकतर्फी झालं आहे.

हा खेळ पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर चेंडूमागे धावते. माझीही धावत असे. मग कुणीतरी सांगितलं, चेंडू सोड, ज्याच्याकडे चेंडू कधीच येत नाही त्याच्याकडे बघ. तेव्हापासून मला हा खेळ कळू लागला.

नियमांचा गाभा एका बेरजेत आहे. प्रत्येक खेळाडूच्या शरीराची हालचाल पाहून त्याला 1 ते 4.5 असा वर्ग देतात, मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्याच्या. ज्याला कमरेच्या वरचं धड स्वतःच्या बळावर हलवता येत नाही, पुढे वाकायचं तरी एका हातानं खुर्ची धरावी लागते, तो 1. ज्याचं धड पुढे, मागे, दोन्ही बाजूंना मोकळेपणानं झुकतं, तो 4.5. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. गेली, तर संघाला तांत्रिक फाउल बसतो आणि खेळाडू बदलावा लागतो.

आता कागद घेऊन बसा. साडेचारचे तीन उतरवले की साडेतेरा झाले, उरलेल्या अर्ध्यात दोन माणसं कुठून आणणार? साडेचारचे दोन घेतले तर उरलेल्या तिघांसाठी पाच राहतात : समजा दोन, दोन, एक, किंवा तीन, एक, एक. किंवा मग तीन-तीनचे चौघे आणि एक दोनचा. प्रशिक्षक बाकावर बसून सामनाभर हाच हिशेब करत असतो. साडेचारच्या ताकदवान गड्याला आत ठेवायचं तर त्याची किंमत एकच्या गड्यानं चुकवायची, आणि म्हणून एकचा गडी सोन्याच्या मोलाचा. ज्याच्या शरीरात सगळ्यांत कमी त्राण, त्याच्यावाचून संघ सहसा उभाच राहत नाही, असा दुसरा सांघिक खेळ मला तरी माहीत नाही.

आणि हा एकचा गडी करतो काय? वाट अडवतो. आट्यापाट्या खेळलेल्यांना हे लगेच उमगेल. प्रतिस्पर्ध्याच्या उंच खेळाडूच्या खुर्चीला आपली खुर्ची अशी आडवी लावायची की त्याला ना पुढे जाता यावं ना वळता यावं. पायानं माणूस बाजूला पाऊल टाकून सुटतो. चाक बाजूला जात नाही. एकदा खुर्ची अडकली की अंगातली सगळी ताकद फुकट. तेवढ्या दोन सेकंदांत आपला साडेचारचा बास्केटखाली पोचलेला असतो. टाळ्या त्याला पडतात. एकचा गडी तोवर परत फिरून बचावासाठी निघालेलाही असतो, कारण त्याला वेग घ्यायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो.

बाकी खेळ बराचसा नेहमीचाच. मैदान तेच, 28 बाय 15 मीटरचं. कडं त्याच 3.05 मीटर उंचीवर. धडधाकट माणूस उडी मारून जिथवर पोचतो तिथवर इथे बसल्या जागेवरून, नुसत्या खांद्या-मनगटाच्या जोरावर चेंडू पोचवायचा. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोन ढकल देता येतात, तिसऱ्याच्या आत तो जमिनीवर आपटावा लागतो, नाहीतर पास किंवा शॉट. आसनावरून कुल्ले उचलले की फाउल. खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचा भाग समजतात, त्यामुळे खुर्चीनं दिलेला धक्का हा त्यानं दिलेलाच धक्का.

या खुर्चीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण दवाखान्यातल्या खुर्चीशी तिचं नातं नावापुरतंच आहे. चाकं वर जवळ आणि खाली फाकलेली असतात, म्हणून ती जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरते आणि उलटत नाही. मागे तोल सावरायला एक छोटं चाक, पुढे टकरी झेलायला आडवी नळी. कमरेला, मांड्यांना, पावलांना पट्टे. माणूस खुर्चीला बांधलेलाच असतो, तो पडतो तेव्हा खुर्चीसकट पडतो आणि बहुतेक वेळा हातांनी जमीन ढकलून खुर्चीसकट उठतोही. इथेही वर्गाचा हिशेब आहेच : तीनपर्यंतच्या खेळाडूंचं आसन 63 सेंटिमीटरपर्यंत उंच चालतं, साडेतीनपासून वर 58 पर्यंतच. एकच्या खेळाडूची बैठक मागे खोलगट आणि गुडघे वर, जणू खुर्चीच्या पोटात बसल्यासारखी, कारण त्याचं धड सावरायला खुर्चीवाचून दुसरं कुणी नाही. जपानचा रेन्शी चोकाई मात्र खुर्चीचं एक चाक हवेत उचलून दुसऱ्या चाकावर कलतो आणि तेवढीच चार बोटं उंची मिळवतो. त्याला दोन्ही पाय नाहीत आणि हातांची काही बोटंही जन्मापासून नाहीत. तो गुडघे वर घेऊन खोल बसणाऱ्यांपैकी नव्हेच.

हे सगळं सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांमुळे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत 1946 च्या सुमारास पाठीचा कणा दुखावलेले तरुण खुर्च्यांवरून बास्केटबॉल खेळू लागले. इलिनॉयच्या गेल्सबर्ग गावी टिमोथी न्यूजंट यांनी 1949 ला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिलच्या इस्पितळात जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, 29 जुलै 1948 ला, सोळा रुग्णांची तिरंदाजी ठेवली होती. त्यातूनच पुढे 1960 चं रोम पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि तिथे बास्केटबॉल होतंच. विश्वअजिंक्यपदाचा पहिला गोल्ड कप 1973 ला बेल्जियममधल्या ब्रुजला झाला, जिंकला ब्रिटननं. महिलांना त्यासाठी 1990 पर्यंत थांबावं लागलं.

सुरुवातीला वर्ग ठरवायचे ते डॉक्टर : कणा कुठल्या मणक्याशी दुखावला ते बघायचं आणि आकडा लिहायचा. पोलिओ झालेला, पाय कापलेला माणूस त्या कोष्टकात कुठे बसवायचा? जर्मनीच्या होर्स्ट श्ट्रोकेंडल यांनी म्हटलं, टेबलावर झोपवून तपासू नका, मैदानावर खेळताना पाहा. 1980 च्या दशकात त्यांची पद्धत रुजली आणि आजची चौदाची बेरीज तिथूनच आली.

पण बेरजेच्या वरच्या टोकाला एक अवघड प्रश्न दबा धरून होता. जर्मन महिला संघाची कर्णधार राहिलेल्या मारायके मिलर हिला रोजच्या जगण्यात खुर्ची लागत नाही. ती साधं बास्केटबॉल खेळायची, गुडघे पुनःपुन्हा दुखावले म्हणून खुर्चीत आली आणि लंडन 2012 चं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती. जर्मनीच्या लीगमध्ये तर अजिबात अपंगत्व नसलेलेही साडेचारचे म्हणून खेळतात. या खेळाच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. बेरीज सांभाळली की झालं. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीला मात्र वावगं वाटलं. जानेवारी 2020 मध्ये तिनं आंतरराष्ट्रीय व्हीलचेअर बास्केटबॉल महासंघाला बजावलं : चार आणि साडेचारच्या खेळाडूंची फेरतपासणी करा, नाहीतर टोकियोतून बाहेर. पॅरिसच्या कार्यक्रमातून तर हा खेळ काही काळ वगळलाच होता, 2021 मध्ये परत घेतला.

त्या तपासणीत डेव्हिड एंग अपात्र ठरला. रिओच्या उद्घाटनात कॅनडाचा ध्वज घेऊन चाललेला तोच. त्याचा एक पाय जन्मतः आखूड, पण नियमाला हवा तितका नाही. हँबुर्गमध्ये विश्वविजेता ठरलेल्या ब्रिटिश संघातला जॉर्ज बेट्सही अपात्र ठरला. त्याच्या पायाला लहानपणी फुटबॉल खेळताना इजा झाली आणि मागे उरल्या त्या कायमच्या, असह्य वेदना. पण पात्र अपंगत्वांच्या यादीत वेदना नाहीत. बेट्सनं जाहीरपणे सांगितलं की पाय कापून टाकावा का, याचा विचार आपल्या मनात आहे. पाय कापला असता तर तो नियमानं पात्र ठरला असता. बेरजेवर माझा जीव आहे, पण ही बातमी वाचली त्या दिवशी मला ती बेरीज टोचली.

आपल्याकडची कहाणीही सैनिकापासूनच सुरू होते. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जायबंदी झाले आणि 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. व्हीलचेअर बास्केटबॉलला मात्र राष्ट्रीय महासंघ मिळायला 2014 साल उजाडलं. बाळपणीच पोलिओ झालेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या आणि चाळिशीच्या आसपास पोहायला लागलेल्या माधवी लता यांनी तो चेन्नईत उभा केला.

ऑगस्ट 2019 मध्ये काश्मीरमधले फोन आणि इंटरनेट बंद होते. बारामुल्लाच्या इश्रत अख्तर या खेळाडूची याच महासंघाच्या चेन्नईतल्या राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली होती आणि तिला ते कळवायला कुणाकडे मार्ग नव्हता. 2016 ला घराच्या वरच्या मजल्यावरून पडून तिच्या कण्याला इजा झाली होती. प्रशिक्षकांनी ओळखीच्या लष्करी अधिकाऱ्यांना गाठलं, त्यांनी काश्मीरमध्ये निरोप धाडले. हातात धड पत्ताही नसताना तिला शोधून काढलं गेलं आणि विमानात बसवून चेन्नईला पोचवलं. त्या वर्षाच्या अखेरीस पटायाला आशिया-ओशनिया स्पर्धा झाली, त्या संघात ती होती. बर्फात नेहमीची खुर्ची ढकलणारी ती मुलगी चेन्नईच्या मैदानावर पट्टे आवळून बसली.