रोहिणखेडमध्ये बसून पेशीचक्राची परिषद कशी फॉलो करायची?

दहावीच्या विज्ञानात सूत्री विभाजन आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. आकृत्या काढल्या, मार्क मिळाले, विषय संपला. पण अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत दर दोन वर्षांनी जगभरातले शास्त्रज्ञ जमतात आणि काही दिवस फक्त याच विषयावर बोलतात. एवढं काय बोलायचं असतं? आणि मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडमध्ये बसून त्यातलं आपल्याला काय मिळेल?

फोनचं सिस्टीम अपडेट आठवा. फोन आधी बघतो, बॅटरी पुरेशी आहे का, जागा आहे का, फाइल पूर्ण उतरली का. मगच रीस्टार्ट. पेशीही तसंच करते. दोन होण्याआधी तिला स्वतःच्या डीएनएची, म्हणजे सुमारे 600 कोटी अक्षरांची, नक्कल करावी लागते. नक्कल पूर्ण झाली का, कुठे तुटलंय का, हे तपासणारे टप्पे असतात; त्यांना चेकपॉइंट म्हणतात. ही तपासणी बिघडली आणि पेशी तरीही दुभंगत राहिली, की कॅन्सरकडे वाटचाल सुरू होऊ शकते. शास्त्रज्ञांची सगळी धडपड इथे आहे.

आता परिषदच कशाला, पेपर वाचून भागत नाही का? 1982 ची गोष्ट बघा. टिम हंट अमेरिकेतल्या वुड्स होल इथे सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांवर काम करत होते. त्यांना दिसलं की एक प्रथिन वाढत जातं आणि पेशी दुभंगायच्या वेळी गायब होतं. पुन्हा वाढतं, पुन्हा गायब. त्याच दिवसांत तिथेच जॉन गेरहार्ट यांच्याशी त्यांच्या गप्पा झाल्या. बेडकाच्या अंड्यांत पेशीला विभाजनात ढकलणारा एक घटक असाच येतो आणि जातो, हे गेरहार्ट यांना माहीत होतं. दोन धागे जुळले! त्या प्रथिनाचं नाव साइक्लिन. 2001 चं नोबेल हंट यांना लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्यासोबत मिळालं. मला तर वाटतं, परिषदेतली खरी कामं चहाच्या वेळेतच होतात.

हे सगळं आपल्यापासून लांब नाहीये. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं विन्क्रिस्टीन पेशीला विभाजनाच्या मधेच अडकवतं; रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते वापरतात. साइक्लिनच्या जोडीदार प्रथिनांना रोखणारं पाल्बोसिक्लिब हे औषध अमेरिकेत 2015 मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. आणि खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने पेशीचक्राला लगाम घालणाऱ्या 14-3-3 प्रथिनांवर काम केलंय. मलकापूरहून मुंबईची गाडी पकडली की सकाळी तिथे!

आता फोनवर काय करायचं? परिषदेतली भाषणं सहसा यूट्यूबवर सापडत नाहीत. बरंच काम अजून छापलेलं नसतं, म्हणून परवानगीशिवाय फोटो काढून पोस्ट करणंही चालत नाही. पण कार्यक्रमपत्रिका वेबसाइटवर असते. तिथून वक्त्याचं नाव घ्या आणि बायोआर्काइव्हवर शोधा. 2013 मध्ये याच प्रयोगशाळेने सुरू केलेली ही साइट आहे, पेपर छापून येण्याआधीच तिथे फुकट वाचायला मिळतात. मात्र ते तज्ज्ञांनी तपासलेले नसतात, हे विसरू नका. इंग्रजी जड वाटलं तर आधी यूट्यूबवर आयबायोलॉजी चॅनेलवरची डेव्हिड मॉर्गन यांची पेशीचक्रावरची लेक्चर्स बघा, सबटायटल लावून.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. बीएस्सीला असाल तर "आपल्याला आंतरराष्ट्रीय परिषदेत आमंत्रण" असा मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज येऊ शकतो. भुरळ पडते, सर्टिफिकेट मिळणार ना! पण एकाच हॉलमध्ये पेशीशास्त्र, शेती, मॅनेजमेंट सगळंच असेल, तुमचा सारांश न वाचताच "निवड झाली" म्हणत असतील आणि आज रात्रीपर्यंत फी भरा म्हणत असतील, तर सावध व्हा. ज्या वक्त्याचा फोटो छापलाय त्याच्या संस्थेच्या वेबसाइटवरून त्याचा ईमेल काढा आणि सरळ विचारा, "सर, तुम्ही खरंच येणार आहात का?" उत्तर येईपर्यंत यूपीआयचा पिन टाकू नका.