पियानोचे गुरुजन (भाग ९) : लिऑन फ्लायशर

मागच्या आठवड्यात आपण आर्थर श्नाबेल यांच्यापाशी थांबलो होतो. आज त्यांचा शिष्य. बीथोवनकडून चेर्नी शिकले, चेर्नींकडून लेशेटिट्स्की, त्यांच्याकडून श्नाबेल आणि श्नाबेलकडून लिऑन फ्लायशर. आपल्याकडे घराण्याची तालीम सांगतात, तशीच ही सरळ परंपरा.

फ्लायशर १९२८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले. श्नाबेल लहान मुलांना शिकवत नसत, पण या मुलाचं वादन ऐकून त्यांनी नियम मोडला आणि त्याला इटलीत कोमो सरोवराकाठी शिकायला बोलावलं. एकाची शिकवणी चाले तेव्हा बाकीचे शिष्य तिथंच बसून ऐकत. दुसऱ्याची तालीमही पदरात पडे. पुढची चढण झपाट्याची. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वादन, १९५२ मध्ये ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा, मग वाद्यवृंदसंचालक जॉर्ज सेल यांच्याबरोबर बीथोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही पियानो कन्चेर्टो. ब्राम्सचा पहिला कन्चेर्टो मला आजही त्यांच्याच हातचा ऐकावासा वाटतो.

तिशी ओलांडल्यावर उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळू लागली. वाजवायला बसलं की ती आपोआप मिटत. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. स्नायू धडधाकट असतात. मेंदूकडून बोटांना जाणारा हुकूमच चुकतो. तेव्हा डॉक्टरांनाही याचं नीट निदान होत नव्हतं. १९६५ मध्ये सेल यांच्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचा सोव्हिएत रशियाचा दौरा तोंडावर असताना फ्लायशर यांना माघार घ्यावी लागली.

मग उरला डावा हात. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल विट्गेनस्टाइनसाठी राव्हेलनं फक्त डाव्या हाताचा कन्चेर्टो लिहिला होता. तो फ्लायशर यांनी आपलासा केला. डाव्या हाताचा अंगठा उंच स्वरांच्या बाजूला येतो, म्हणून सुरावट त्या दणकट बोटावर पेलता येते आणि बाकीची बोटं खर्ज सांभाळतात.

पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते वर्गात. बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत ते १९५९ पासून शिकवत होते. आधी विद्यार्थी अडला की त्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवत. आता तो मार्ग बंद झाला. जे हातात होतं, ते शब्दांत आणावं लागलं. वादकानं एका वेळी तीन माणसं व्हावं, असं ते सांगत. पहिला स्वर वाजण्याआधीच मनात ऐकतो, दुसरा पट्टीवर बोट ठेवतो, तिसरा जरा लांब बसून ऐकतो आणि पहिल्याच्या मनातलं उतरलं का, ते दुसऱ्याला सांगतो. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस अशी मंडळी या वर्गातून गेली. नुसतं 'बघ, असं वाजव' म्हणणारा गुरू मिळणं सोपं; ऐकायचं कसं हे शिकवणारा विरळा.

१९८२ मध्ये दोन्ही हातांनी परतण्याचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही. नव्वदच्या दशकात बोटॉक्सची इंजेक्शनं आणि रोल्फिंग नावाचं खोल मर्दन यांनी बोटं बरीच सैलावली. विकार पुरता गेला नाही, पण २००४ मध्ये 'टू हँड्स' ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातला शूबर्टचा बी फ्लॅट सोनाटा जरूर ऐका, शक्यतो रात्री आणि सलग.

२ ऑगस्ट २०२० रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, बाल्टिमोरमध्ये ते गेले. आदल्या आठवड्यापर्यंत त्यांचं शिकवणं चालू होतं.