झडप गळते, पण दम लागत नाही

विक्रोळी पार्कसाईटच्या डोंगरावर राहणाऱ्या माणसाला चढताना धाप लागू लागली की तो मध्येच टेकतो, पिशवी पोराकडे देतो, पुढे पुढे खाली उतरणंच कमी करतो. मग ‘दम लागतो का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की ‘नाही’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. मायट्रल झडपेच्या तीव्र गळतीत ऑपरेशनची वेळ निव्वळ त्रासावरून ठरवू नये, ते यासाठी. त्रास नसताना छाती कशाला उघडायची, ही घरच्यांची शंका रास्तच आहे. पण हृदयाचा डावा खालचा कप्पा आकुंचन पावतो तेव्हा बरंचसं रक्त गळक्या झडपेतून मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात जातं. तिकडे ढकलायला जोर लागत नाही, म्हणून स्नायू थकला तरी टू-डी इकोतला पंपिंगचा आकडा चांगलाच दिसतो. एरवी 58 टक्के पाहून कोणी दचकणार नाही. इथे तो धोक्याचा. दोष मुळात झडपेतच असेल, तर पंपिंग 60 टक्क्यांवर उतरलं किंवा आकुंचनाअखेर कप्पा 40 मिलिमीटर रुंद झाला, की त्रास नसतानाही शस्त्रक्रिया करावी असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यापुढे थांबलं तर स्नायू पूर्वपदावर येईलच, याची खात्री नाही.

मग सगळ्यांचंच लवकर उरकावं का? तसंही नाही. ढिली पडलेली झडप कसबी सर्जनच्या हातून बहुधा दुरुस्त होते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने आखडलेली झडप तितकी खात्रीने नाही. बदलावी लागलीच, तर धातूच्या झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिचा परिणाम मोजणारी आयएनआरची रक्ततपासणी जन्मभर मागे लागते. ही गोळी गर्भाला बाधू शकते, आणि जैविक झडप तरुण वयात लवकर झिजते. मूल हवं असलेल्या तरुणीने म्हणूनच घाई करू नये. व्हिएन्नातल्या 2006 सालच्या अभ्यासात तर त्रास नसलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना आठ वर्षांतही ऑपरेशनची गरज पडली नाही. फक्त ते रुग्ण नेमाने इको करून घेत होते. विक्रोळीहून स्लो लोकलने परळला उतरून केईएम गाठायचं, तर हातावर पोट असलेल्याचा दिवस बुडतो. ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागू शकतो, बुडालेला रोज नव्हे. म्हणून तपासणीची दर सहा महिन्यांची तारीख पाळणं जमेल का, हा प्रश्न इकोच्या आकड्यांइतकाच वजनदार मानावा. जमणार नसेल आणि झडप दुरुस्त होण्याजोगी असेल, तर लवकर ऑपरेशन केलेलं बरं. मात्र अशा किती झडपा तुम्ही दुरुस्त केल्यात, हे सर्जनला आधी विचारून घ्यावं.