चिंताविकार आणि संवादातून होणारा उपचार

प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. ज्या ग्रंथाचे हे विवरण, त्याचा आरंभ एका पराक्रमी पुरुषाच्या व्याकूळ अवस्थेने होतो, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानी घेण्यासारखी आहे. अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंग कापते, हातातील धनुष्य गळते आणि मन भ्रमते. त्याचा प्रश्न धर्माधर्माचा होता, रोगाचा नव्हता. तथापि मनातील व्याकुळता शरीरातून कशी बोलते, ह्याचे ते अचूक वर्णन होय. श्रीकृष्णांनी त्यास प्रथम खडसावले. परंतु खडसावण्याने काम भागले नाही. पुढे अठरा अध्याय संपेपर्यंत संवाद करावा लागला.

ह्याच प्रवरेच्या खोऱ्यात, देवळाली प्रवरा परिसरातील एखाद्या वस्तीवरील शाळेत इयत्ता चौथीचा वर्ग भरला आहे अशी कल्पना करावी. एक मुलगी अभ्यासात बरी आहे, वही नीटनेटकी आहे. परंतु ज्या दिवशी उभे राहून धडा वाचावयाचा असतो, त्या दिवशी सकाळीच तिच्या पोटात कळ येते. आई तिला घरी ठेवते आणि घटकाभराने पोट आपोआप थांबते. पालक म्हणतात, ‘नाटक करते’. शेजारीण म्हणते, ‘दृष्ट लागली’. हजेरीपत्रकात केवळ गैरहजेरीची खूण पडते. वस्तुतः मुलगी खोटे बोलत नाही. तिचे पोट खरोखरच दुखते.

हे कसे घडते ते पाहू. संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीरास सावध करतो. ॲड्रेनलिन नावाचा द्रव रक्तात मिसळतो, हृदयाची धडधड वाढते, श्वास जलद होतो, स्नायू ताणले जातात आणि पचनाचे काम मंदावते. वाटेत साप दिसला तर हीच व्यवस्था प्राण वाचविते. म्हणून भीती हा दोष नव्हे. परीक्षेपूर्वीची थोडी धाकधूकही उपयुक्तच असते. परंतु संकट नसताना किंवा अल्प असताना ही घंटा वारंवार वाजू लागली, ती आठवडेच्या आठवडे थांबेना आणि तिच्यामुळे झोप, भूक, शाळा वा कामकाज बिघडू लागले, म्हणजे तिला चिंताविकार म्हणतात.

हा विकार वाढतो तो टाळण्याच्या सवयीमुळे. मुलगी घरी राहिली की तिला तत्काळ सुटल्यासारखे वाटते. त्या सुटकेतून तिचे मन एक चुकीचा पाठ शिकते : ‘वाचन खरोखरच धोक्याचे होते, मी टळले म्हणून वाचले.’ पुढील वेळी भीती अधिक बळावते. प्रथम वाचन टळते, मग तो तास टळतो, शेवटी शाळाच टळते. मुलीच्या शिक्षणाविषयी आधीच साशंक असलेल्या घरात अशी गैरहजेरी ही शाळा सुटण्याची पहिली पायरी ठरू शकते. म्हणून हा विषय केवळ वैद्यांचा नाही, शिक्षकांचाही आहे.

भीती जशी शिकली जाते तशी ती विसरविताही येते, हे 1924 साली मेरी कव्हर जोन्स ह्या अमेरिकन विदुषींनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखविले. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशास अतिशय भीत असे. न भिणाऱ्या मुलांच्या सोबतीने त्याची भीती ओसरू लागली. मध्यंतरी तो आजारी पडला, एका मोठ्या कुत्र्याने त्यास घाबरविले आणि भीती पुन्हा उलटली. तेव्हा तो आवडीचा पदार्थ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवून, तो हळूहळू जवळ आणण्याचा क्रम सुरू झाला. अखेरीस पीटर सशास हाताने कुरवाळू लागला. ह्यात दोन बोध आहेत : पायरी लहान असावी, आणि मध्येच झालेली पीछेहाट म्हणजे अपयश नव्हे. पुढे 1958 साली जोसेफ वोल्पे ह्यांनी शरीर शिथिल करून भीतीस क्रमाक्रमाने सामोरे जाण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली.

उपचाराचे दुसरे अंग विचारांचे आहे. अल्बर्ट एलिस ह्यांना तरुणपणी सभेत बोलण्याची विलक्षण भीती वाटे. त्यांनी हट्टाने पुन्हा पुन्हा सभांतून बोलून ती घालविली. 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. प्रसंग आपणांस जेवढा अस्वस्थ करतो, त्याहून अधिक त्या प्रसंगाविषयीची आपली समजूत अस्वस्थ करते, हे तिचे सार होय. ‘माझे वाचन चुकू नये’ ही इच्छा योग्य आहे. ‘ते चुकताच कामा नये, चुकले तर सर्वनाश होईल’ हा हट्ट विकाराचे मूळ आहे. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके ह्यांनी ही विचारसरणी महाराष्ट्रात रुजविली. डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी 1990 साली ठाणे येथे स्थापन केलेल्या मानसिक आरोग्यविषयक संस्थेनेही ती मराठी समाजात पोहोचविण्याचे मोठे कार्य केले आहे.

मानसोपचारात नेमके काय होते, ह्याविषयी खेड्यापाड्यांत पुष्कळ गैरसमज आहेत. तेथे कोणी विजेचे झटके देत नाही, मंत्र घालीत नाही, की ‘वेडा’ असा शिक्का मारीत नाही. ठरलेल्या दिवशी सुमारे तासभर बसून उपचारक व व्यक्ती बोलतात. भीती केव्हा येते, त्या वेळी मनात कोणता विचार येतो, मग काय टाळले जाते, ह्याची नोंद होते. विचार पुराव्यावर घासून पाहिला जातो. श्वास संथ करण्याचा सराव होतो. भीतीच्या प्रसंगांची शिडी करून खालच्या पायरीपासून चढावयाचे असते, आणि दोन भेटींमध्ये घरी करण्यास अभ्यासही दिला जातो. हा क्रम बहुधा काही आठवडे ते काही महिने चालतो. काहींना त्याच्या जोडीस डॉक्टरांनी दिलेली औषधेही लागतात. भीती समूळ नाहीशी होते असे नाही; ती आवरण्याजोगी होते आणि माणूस आपल्या कामास लागतो.

शिक्षकाने उपचारक होऊ नये. परंतु उपचारास पोषक वर्ग त्यास निर्माण करता येतो. पोटदुखी पुन्हा पुन्हा होत असल्यास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवून घ्यावी. शरीराचा आजार नाही हे ठरल्यावरच मनाचा विचार करावा. मुलीस वर्गासमोर हिणवू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई आहे, हे स्मरणात ठेवावे. त्याचबरोबर ‘तू वाचूच नकोस’ अशी कायमची सूटही देऊ नये. ती दयेच्या रूपाने आलेली टाळाटाळच होय. मधला मार्ग शिडीचा आहे. प्रथम तिने शिक्षकाजवळ बसून एक ओळ वाचावी, नंतर एका मैत्रिणीसोबत, नंतर चौघींच्या गटात, नंतर जागेवर बसून वर्गास ऐकू जाईल असे, आणि शेवटी उभे राहून. एक पायरी सवयीची झाल्यावाचून दुसरी चढवू नये. शाबासकी बिनचूक वाचनास नव्हे, प्रयत्नास द्यावी.

पालकांशी बोलताना ‘तुमच्या मुलीस मानसिक रोग आहे’ असे म्हणू नये; निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. ‘ताई, पोर खोटे बोलत नाही, ती घाबरते, आपण मिळून तिला धीर देऊ’ एवढे पुरे. कोणी देवऋषीकडे नेण्याचे म्हणत असल्यास वाद न घालता डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरावा. ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा 2022 सालच्या ऑक्टोबरपासून सुरू झाली असून 14416 ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतून सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. एखादे मूल जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता त्यास एकटे न सोडता पालकांस व डॉक्टरांस कळवावे.

हेच शास्त्र शिक्षकांसही लागू आहे. तपासणीच्या आदल्या रात्री झोप न येणे, हे पुष्कळांच्या अनुभवाचे आहे. ती अस्वस्थता महिनोन्‌महिने राहिली तर साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. डोळ्यांस चष्मा लागला असता जो संकोच वाटत नाही, तो येथेही वाटू नये.

वर्षाच्या अखेरीस ती मुलगी वर्गात उभी राहून अर्धे पान वाचते. आवाज कापतो, एक शब्द अडतो, पण ती खाली बसत नाही. अशा दिवसाची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. तरीही तिच्या शिक्षणाच्या दृष्टीने तो दिवस वार्षिक परीक्षेइतकाच मोलाचा मानावा.