दुपारची वीस मिनिटं

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या एका ओळखीच्या घरी आजींना डिमेन्शिया आहे. निवृत्त शिक्षिका. रात्री दोनला साडी नेसून, 'शाळेला उशीर झाला' म्हणत त्या दाराची कडी काढायच्या. हल्ली बऱ्यापैकी झोपतात असं कळलं, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या मावशींचं काम बघायला मुद्दाम गेले.

मावशी खानापूरकडच्या, चोवीस तास तिथेच राहणाऱ्या. आजी कन्नड विसरत चालल्या आहेत, मराठी तेवढी टिकून आहे, त्यामुळे मावशींच्या मराठीचा मोठा आधार.

"दुपारी वीस मिनिटं," मावशींनी आधी हेच सांगितलं. "जास्त डोळा लागला की रात्र गेलीच."

सकाळी आजी गच्चीत उन्हात बसून अवरेकाईच्या शेंगा सोलतात. डोळ्यांवाटे पोचणाऱ्या उजेडावर मेंदूतलं एक केंद्र दिवस-रात्रीचा हिशेब ठेवतं. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात तेही झिजतं. म्हणून दिवसाचा उजेड भरपूर हवा. दुपारनंतर फिल्टर कॉफी बंद, त्याच पेल्यात दूध. काळोख पडायच्या आत मावशी दिवे लावून पडदे ओढतात. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की आजींना कुणी परकी बाई घरात शिरल्यासारखी वाटते.

मुलाने आधी झोपेची गोळी मागितली होती. अशा गोळ्यांनी गोंधळ वाढतो, म्हातारी माणसं पडतात. डॉक्टरांनी आधी दुखणं, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ तपासली, ते बरं केलं.

त्या रात्री मी तिथेच राहिले. दोनच्या सुमाराला आजी उठल्याच. "घंटा झाली का गं?"

पॅसेजमध्ये मंद दिवा होता. मोठा दिवा मावशींनी लावला नाही. शाळा कधीच सुटली, हेही सांगितलं नाही. "आज सुट्टी आहे, बाई," म्हणत हात धरून त्यांना बाथरूमला नेऊन आणलं. पांघरूण घातल्यावरही आजींनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बेंगळुरूत निम्हान्ससारखं मेंदू-मनाच्या आजारांचं रुग्णालय आहे, कस्तुरीनगरात नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्टचं केंद्र आहे. पण रात्री दोनला घरातलंच कुणीतरी उठतं. या उठण्याला आपण कौशल्य मानत नाही, याचा मला राग येतो.

मावशींच्या सुट्टीला बदलीची बाई येते आणि आजींना दुपारी दोन तास झोपू देते.

"तिचं काय चुकलं? तिला कुणी सांगितलंच नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. जागरणं काढून त्यांना ते उमगलं. आता सूनबाईंकडून कन्नडमध्ये चिठ्ठी लिहून घेऊन त्यांनी ती फ्रिजवर लावली आहे: दुपारी वीस मिनिटं.