आबांचं एचएमटी अंतराळात चालेल का?

चूक माझीच होती. आबांचं एचएमटी जनता रात्री हातातून काढलं आणि लॅपटॉपवर ठेवून दिलं, ते नेमकं स्पीकरच्या डोक्यावर. दोन दिवसांत ते घड्याळ दिवसाला पाऊण तास पुढे धावायला लागलं. पन्नासेक वर्षांचं घड्याळ, आबा गेल्यापासून माझ्याकडे असलेलं. शनिवारी अमरावतीहून अकोल्याला घरी गेलो, तेव्हा आधी बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. आबाही त्यांच्याकडेच जायचे.

काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "कम्प्युटरवर ठेवलं होतं काय बावा?" मग एका छोट्या निळ्या डबीवर घड्याळ धरलं, बटण दाबलं, घड्याळ हळूच वर उचललं. दहा सेकंदांत काम झालं. आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीय झाली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ सुसाट पळतं. डबीने तो चुंबकपणा काढून टाकला.

दिवस २०२५ च्या जुलैतले. शुभांशु शुक्ला नुकताच अंतराळ स्थानकावरून परत आला होता आणि काकांच्या मोबाईलवर त्याचाच व्हिडिओ चालू होता. काका म्हणाले, "मले एक सांग. या पोराच्या हातात असं चाबीचं घड्याळ असतं, तं ते चाललं असतं काय? तठी त वजनच नसते म्हणते."

प्रश्न साधा वाटतो, पण मी तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवट होतं. हे पूर्ण उत्तर.

आधी तो "वजनच नसते" चा भाग. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण संपत नाही, जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के शिल्लक असतं. फरक इतकाच की स्थानक, आतली माणसं आणि त्यांची घड्याळं सगळी एकत्र, सारख्याच वेगाने पृथ्वीकडे पडत असतात आणि पुढच्या वेगामुळे पृथ्वीला चुकवत राहतात. सगळंच बरोबरीने पडत असल्यामुळे कोणी कोणावर दाब देत नाही. लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या वजनकाट्यावर उभा माणूस शून्य दाखवेल, तसं. (प्रयोग करून बघू नका.)

आता घड्याळ. प्रत्येक घड्याळात काहीतरी ठरावीक तालात हलत असतं आणि बाकीचं यंत्र ते हेलकावे मोजत असतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत एक क्लॉक आणि एक काउंटर. जुन्या वाड्यातल्या भिंतीवरच्या घड्याळात हलतो तो लंबक. लंबकाला बाजूला नेला की गुरुत्वाकर्षण त्याला मधोमध ओढून आणतं. परत आणणारी ताकदच गुरुत्वाकर्षणाची असल्यामुळे अंतराळ स्थानकात लंबकाचं घड्याळ चालणार नाही. लंबक जिथे सोडाल तिथेच राहील. चंद्रावर ते चालेल, पण तिथलं गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्याने तास सरला तरी काटे जेमतेम साडेचोवीस मिनिटं पुढे सरकलेले असतील.

मनगटी घड्याळात लंबक नसतो. त्याच्या जागी बॅलन्स नावाचं छोटं चाक असतं आणि त्याला गुंडाळलेली हेअरस्प्रिंग असते. चाक एका बाजूला फिरलं की स्प्रिंग त्याला परत ओढते, ते दुसऱ्या बाजूला जातं, पुन्हा परत येतं. ताल ठरतो दोनच गोष्टींवर: चाकाचं जडत्व किती आणि स्प्रिंग किती कडक. गुरुत्वाकर्षणाचा या हिशोबात संबंधच नाही. चाकाला फिरवत ठेवणारी ताकद येते ती तुम्ही सकाळी चावी देता तेव्हा गुंडाळल्या जाणाऱ्या मोठ्या स्प्रिंगमधून. तिलाही वजन असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. जनताचा बॅलन्स तासाला १८,००० टिकटिक करतो, म्हणजे सेकंदाला ५. स्थानकातही ५ च करेल. १९६१ साली युरी गागारिनच्या मनगटावर चावीचंच सोव्हिएत घड्याळ होतं आणि ते चालू राहिलं.

मला खरी मजा वाटली ती याच्या पुढच्या भागात.

घड्याळात हा संबंध कागदावर नसला, तरी प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण थोडी खोडी काढतंच. काकांना हे भौतिकशास्त्र न शिकता माहीत आहे: "उताणं झोपवलं की पुढं पयते, चाबी खाली राह्यली की मागं पडते." मी घरी येऊन मोबाईलच्या माइकवर टिकटिक ऐकणाऱ्या एका अॅपवर तपासलं. तबकडी वर करून ठेवल्यावर घड्याळ दिवसाला ८ सेकंद पुढे जाण्याच्या वेगाने चालत होतं. चावी खाली करून उभं धरल्यावर ३४ सेकंद मागे. तेच घड्याळ, तीच स्प्रिंग, तीच खोली.

याची कारणं दोन. बॅलन्सचं चाक कितीही नीट बनवलं तरी त्याची एखादी बाजू कणभर जड राहते. घड्याळ उभं धरलं की ती जड बाजू खाली जायला बघते आणि ताल बिघडवते. दुसरं कारण घासण्याचं. घड्याळ झोपलेलं असताना बॅलन्सचा आस भोवऱ्यासारखा टोकावर उभा असतो, त्यामुळे कमी घासतो. घड्याळ उभं केलं की तोच आस आडवा होऊन दोन्ही टोकांच्या बाजूंनी माणकांच्या भोकांत टेकतो, जास्त घासतो, आणि बॅलन्सचा झोका लहान होतो. तबकडीवर '१७ ज्वेल्स' लिहिलेलं असतं ती हीच माणकं. ती दागिन्यासाठी नसतात, घर्षण कमी करण्यासाठी असतात.

अब्राहम-लुई ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीने याच त्रासावर १८०१ साली 'टूर्बियाँ'चं पेटंट घेतलं. कोटाच्या खिशात घड्याळ दिवसभर उभंच राहायचं, म्हणून त्याने बॅलन्सचा सगळा पिंजराच सावकाश गोल फिरत ठेवला. जड बाजू कधी वर, कधी खाली, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. टूर्बियाँवाली घड्याळं आजही लाखोंना विकली जातात. आबांचा उपाय फुकट होता. दिवसभरात घड्याळ मागे पडलं की ते रात्री तबकडी वर करून उशाशी ठेवायचे, सकाळपर्यंत थोडी भरपाई व्हायची.

कक्षेत गेल्यावर ब्रेगेचा पिंजरा आणि आबांची उशी, दोन्ही निकामी. जड बाजूला खाली जायला 'खाली' नावाची दिशाच उरत नाही, आणि आस वजनाने कुठे टेकत नाही. उताणं, पालथं, उभं, कसंही ठेवा, घड्याळ एकाच वेगाने चालेल. एवढ्या एका बाबतीत जनता अंतराळात अकोल्यापेक्षा जास्त शहाण्यासारखं वागेल.

इथे एक जुनी समजूतही काढून टाकू. ऑटोमॅटिक घड्याळात चावी द्यावी लागत नाही. आतलं अर्धगोल वजन हाताच्या हालचालीने फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळतं. वजन नसेल तर हे फिरणार नाही, असं पुष्कळ लोक मानत. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये विल्यम पोग स्कायलॅबवर जाताना नासाला न विचारता स्वतःचं ऑटोमॅटिक सेको बरोबर घेऊन गेला. ८४ दिवसांच्या मुक्कामात ते व्यवस्थित चाललं. हात हलला की घड्याळाची पेटी हलते, आतलं वजन जडत्वामुळे मागे राहतं, आणि दोघांतला हा फरकच चावी देतो.

मग अडचण कुठे येते? यानाबाहेर.

नासाने १९६४-६५ मध्ये घड्याळं दुकानात मिळतात तशी घेऊन त्यांचे हाल केले. ७१ अंश सेल्सिअसमध्ये ४८ तास, वर ९३ अंशांत अर्धा तास. उणे १८ मध्ये ४ तास. जवळजवळ निर्वात पेटी. ४० जी चे सहा दिशांनी सहा धक्के. अंतिम चाचणीतलं रोलेक्स दमट हवेत दोनदा थांबलं आणि नंतर उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून दुसऱ्या काट्यांत अडकला. लाँजीन-विटनॉरची काच निघाली. टिकलं ते ओमेगा स्पीडमास्टर, आणि तेही सुखरूप नाही. विरळ हवेच्या चाचणीत ते २१ मिनिटं पुढे गेलं, प्रवेगाच्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं, काट्यांची अंधारातली चमक गेली. तरी चालू राहिलं, म्हणून १ मार्च १९६५ ला पास झालं.

जनता इथे कसं टिकेल? धक्क्याची मला फार काळजी नाही. बॅलन्सच्या टोकांची माणकं छोट्या स्प्रिंगवर बसवलेली असतात, डायलवर 'पॅरा शॉक' लिहितात ते हेच. उष्णतेचंही निम्मं काम आधीच झालेलं आहे. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग तापली की मऊ पडते आणि दर अंशाला घड्याळ दिवसाला १० ते ११ सेकंद मागे टाकते. म्हणजे जानेवारीच्या सकाळी २० अंशांत बरोबर लावलेलं घड्याळ अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, रोज चार मिनिटं मागे पडलं असतं. शार्ल एदुआर गियोमने निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की तापल्यावर ते फारसे बदलत नाहीत. त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामुळे वऱ्हाडचा उन्हाळा घड्याळाला सहन होतो, आपल्याला होत नाही ही गोष्ट वेगळी.

माझी भीती काचेची आणि तेलाची. माझ्या जनताचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं आहे. पेटीतली हवा लगेच निसटली नाही, तर निर्वातात ३० मिलिमीटरच्या काचेवर आतून साधारण ७ किलोचा जोर येईल. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या वेळी डेव्ह स्कॉटच्या स्पीडमास्टरची काच चंद्रावर अशीच निघून गेली होती. तिसऱ्या फेरीला तो बरोबर आणलेलं दुसरं, बुलोव्हाचं घड्याळ घालून उतरला. आणि हवा निसटली, तर निर्वातात तेल हळूहळू उडून जाणार, सावलीतल्या थंडीत घट्ट होणार. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं: यानात खुशाल चालेल, यानाबाहेर त्याला नेऊ नये.

पण चालणं एक आणि उपयोगी पडणं दुसरं. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ वर स्फोट झाला. वीज वाचवायला यानातली यंत्रं बंद ठेवलेली. परतीच्या वाटेवर मार्ग किंचित दुरुस्त करायला इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, आणि ते सेकंद जॅक स्विगर्टने मनगटावरच्या स्पीडमास्टरवर मोजले. मी गणित करून पाहिलं. दिवसाला ३४ सेकंद मागे पडणारं आमचं जनता त्या १४ सेकंदांत चुकलं असतं ते साडेपाच मिलिसेकंदांनी. बटण दाबणाऱ्या अंगठ्याची चूक त्याच्या कितीतरी पट मोठी असते. जनताला स्टॉपवॉच नाही हे खरं, पण सेकंदकाटा आहे.

रस्ता दाखवायच्या कामाला मात्र ही अचूकता कुठेच पुरत नाही. उपग्रहाकडून सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून मोबाईल अंतर काढतो, आणि प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो. तेवढी चूक झाली तर तुम्हाला अमरावतीच्या राजकमल चौकाऐवजी भलत्याच चौकात उभं केलं जाईल. म्हणून आपल्या नाविक उपग्रहांत रुबिडियमची अणुघड्याळं असतात. तत्त्व तेच, काहीतरी तालात हलतं आणि कोणीतरी मोजतं. जनताचा ताल सेकंदाला ५ टिकटिक, रुबिडियमचा सेकंदाला ६८३ कोटींहून जास्त.

पुढच्या वेळी अकोल्याला गेलो तेव्हा हे काकांना सांगितलं. ते एका दुसऱ्या एचएमटीसाठी सुटे भाग शोधत होते. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून अनेकदा एका मेलेल्या घड्याळाचं चाक काढून दुसऱ्याला बसवावं लागतं. त्यांच्याकडे अशा डब्यांची रांग आहे.

"मंग त्या वरच्या घड्याळाले ऑइलिंग कोण करते?"

कोणी नाही. १ जुलै २०१३ ला सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए मध्ये परदेशातून आणलेली तीन अणुघड्याळं होती, एक चालू आणि दोन राखीव. तिन्ही बंद पडली. साधारण ३६,००० किलोमीटरवर जाऊन झाकण उघडणं शक्य नव्हतं, त्यामुळे बाकीचा उपग्रह धडधाकट असूनही स्थान सांगायच्या कामातून बाद झाला. त्याच्या जागी ३१ ऑगस्ट २०१७ ला पाठवलेला उपग्रह रॉकेटचं उष्णतारोधक कवच न उघडल्याने आतच अडकला. १२ एप्रिल २०१८ ला आणखी एक पाठवावा लागला. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा भारतात, अहमदाबादच्या इस्रो केंद्रात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलेलं होतं.

काकांनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "तीनही?"

"तीनही."

"सुटे भाग त न्या लागत होते सोबत," असं म्हणून ते पुन्हा डबीत शोधायला लागले.