थंड झाल्यावर चालणारी मोटार

नवी वस्तू बंद पडावी, ती परत करण्याचे ठरावे आणि दुकानात नेण्याआधीच ती पूर्ववत चालू लागावी, अशा वेळी परतीचा नैतिक हक्क उरतो का, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यापुढे विहिरीवरच्या विजेच्या मोटारीच्या रूपाने उभा राहतो. तो तातडीचाही असतो, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना रावेर-यावलकडच्या उथळ मुळांच्या केळीला पाण्याचा खंड सोसत नाही.

भरदुपारी बंद पडलेली मोटार सायंकाळी पाणी फेकू लागते, यामागे बऱ्याचदा स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले असतो. त्यात दोन भिन्न धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावल्याने वाकते आणि वीज तोडते, मग थंड होऊन सरळ झाली की मोटार पुन्हा सुरू करता येते. व्होल्टेज कमी असले तरी तेवढेच पाणी उचलताना मोटार अधिक प्रवाह ओढते, म्हणजे दोष वीजपुरवठ्याचा असू शकतो. परंतु बेअरिंग आवळलेले असले, तरीही लक्षण हेच दिसते. म्हणून मोटार पुन्हा चालली, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही आणि सदोषही ठरत नाही. वायरमनकडून तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि प्रवाह मोजून घेणे व ते आकडे मोटारीवरील माहितीपट्टीशी ताडून पाहणे, हे ग्राहकाचे पहिले कर्तव्य होय. फेजच गेलेला आढळला, तर मोटार दुकानदाराच्या गळ्यात मारणे अन्यायाचे आहे.

व्होल्टेज योग्य असूनही प्रवाह जास्त भरत असेल, तर मात्र संकोचाचे कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार 'दोष' म्हणजे कायद्याने किंवा कराराने अपेक्षित असलेल्या दर्जातील कोणतीही उणीव; बिलावर मुदत नसल्यास 30 दिवसांच्या आत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. उलट, वस्तुविक्रीच्या 1930 च्या कायद्याप्रमाणे विक्रेत्याला न कळवता माल वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे मानले जाते आणि त्यानंतर साधारणतः नुकसानभरपाईच मागता येते. 'चालतेय ना, मग राहू द्या' या भल्या वृत्तीची किंमत अशी मोजावी लागू नये, यासाठी मोटार बंद पडली त्याच दिवशी दुकानदाराला लेखी कळवावे.

मात्र परत करताना मोटार सध्या चालते आहे, हे ग्राहकाने लपवू नये; ती कोणत्या वेळी, किती तास चालून थांबली हेही सांगावे, कारण बिघाडाचा शोध त्याच माहितीवर अवलंबून असतो. दुकानदारानेही थंड मोटार पाच मिनिटे फिरवून तक्रार निकालात काढू नये. ती पुरेसा वेळ भारावर चालवून पाहावी, आणि कारण सापडलेले नसताना तिला पुन्हा खोक्यात घालून नवी म्हणून विकू नये, कारण ती घेणाऱ्या पुढच्या शेतकऱ्याची बागही त्याच उन्हात उभी असते.